वलयांची साक्ष

यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवायला सांगितलं, तेव्हा एस्तेर साळवेच्या लक्षात आलं, की आपण फॉर्मवर लिहिलेलं 'नाही' फार तर दहा मिनिटं टिकेल.

२०५८ सालचा जून महिना होता. मिरजेतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाची ही प्रयोगशाळा. एस्तेर सव्वीस वर्षांची, मूळची शेवगावची, नर्सिंगची पदवी घेऊन तीन महिने झालेली. या तीन महिन्यांत तिने तीन रुग्णालयांत अर्ज केले होते. 'आपण कधीही अमली पदार्थाचं सेवन केलं आहे का?' या प्रश्नापुढे तिन्ही वेळा तिने खरं ते लिहिलं होतं. हो, गांजा, इंजिनिअरिंगला असताना, साधारण दीड वर्ष, त्यानंतर कधीच नाही. तिन्हीकडून सभ्य भाषेत नकार आला. शेवटी आई म्हणाली, "लघवीत महिन्याभराने काही दिसत नाही. मग तूच का दाखवत बसतेस?" चौथ्या फॉर्मवर एस्तेरने 'नाही' लिहिलं.

पण इथे लघवीचा नमुना कुणी मागितलाच नाही.

"घाबरू नका, दात काढत नाही आम्ही," डॉ. सादिक पटवेकर म्हणाले. दापोलीकडचा हा शास्त्रज्ञ गेली तीन वर्षं या एकाच यंत्राच्या मागे होता. "याला वलयवाचक म्हणतात. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय चढतं, माहीत आहे ना? दाताच्या मुळावरही तसाच थर चढतो. दरवर्षी एक, जन्मभर. त्या वर्षी रक्तात जे जे फिरलं, त्याचा कण त्या थरात अडकतो आणि मग कायमचा तिथेच राहतो. आमचा किरण हिरडीतून आत जातो आणि थर मोजत मोजत वाचतो."

एस्तेरची हनुवटी टेकूवर होती, तरी तिला विचारल्यावाचून राहवेना. "म्हणजे वर्षसुद्धा कळतं?"

"वर्ष आत्ता कळेल. प्रत्येक वलयाच्या आत महिन्यांचे बारीक धागे असतात. ते सोडवायला गणकाला आठवडा लागतो."

"आणि तो पदार्थ कुणी घेतला, का घेतला, हे?"

"ते नाही कळत. दाताला तेवढी अक्कल नाही."

खोलीच्या कोपऱ्यात मेट्रन शकुंतला हिरेमठ फाइल घेऊन उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज कायम खालच्या पट्टीतला. गेल्या वर्षी एस्तेरने याच रुग्णालयाच्या कर्करोग विभागात सहा महिने उमेदवारी केली, ती त्यांच्याच हाताखाली. इथे अर्ज कर, असं त्यांनीच तिला फोन करून सांगितलं होतं.

पडद्यावर एकात एक अशी पांढुरकी वलयं उमटली. दोन वलयांवर हिरवा ठिपका होता. २०५१ आणि २०५२.

मेट्रननी फाइल उघडून फॉर्म पाहिला आणि फाइल मिटली. "एस्तेर?"

"हो. ओढला होता."

"कशासाठी?"

एस्तेरला बरीच कारणं सांगता आली असती. परीक्षेचा ताण, घरापासून लांब राहणं. "आवडायचा म्हणून," ती म्हणाली. "मग आवडेनासा झाला."

"हे तू फॉर्मवर लिहिलं असतंस, तर मी भांडून तुला घेतलं असतं," मेट्रन म्हणाल्या. "गांजाचं मला काही वाटत नाही. पण जी मुलगी फॉर्मवर खोटं लिहिते, ती उद्या पेशंटच्या चार्टवर काय लिहील, हे मला कळायला नको?"

एस्तेरने मान उचलली, पण नजर पडद्यावरून हटली नाही. सगळं हातचं गेलंच आहे, तर निदान हे तरी नीट पाहून घ्यावं, असं तिला वाटलं.

"सर, यंत्र फक्त अमली पदार्थच वाचतं का?"

"वाचतं सगळंच. दाखवतं फक्त नऊ. रुग्णालयाने नऊच मागितलेत."

"माझं सगळं दाखवाल? पाहायचंय मला."

असा प्रश्न पटवेकरांना इथे कुणी विचारला नव्हता. त्यांनी मेट्रनकडे पाहिलं, मेट्रननी खांदे उडवले. पटवेकरांनी ती नऊची गाळणी काढली, तशी वलयं रंगांनी भरून गेली. शेवगावच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड लहानपणच्या सगळ्या वर्षांत निळं दिसत होतं. सातव्या वर्षी टायफॉईडचं औषध. एस्तेर आपलं आयुष्य वाचत वाचत बाहेरच्या कडेपर्यंत आली आणि थांबली.

"हा करडा ठिपका कसला? सत्तावन्न सालचा."

पटवेकरांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "प्लॅटिनम. कर्करोगाच्या काही औषधांत असतं. तुमच्यावर उपचार झाले होते का?"

"नाही. मी ती औषधं तयार करायचे. सहा महिने, खालच्या खोलीत."

"पण ती तर वातकपाटात तयार होतात," मेट्रन म्हणाल्या. वातकपाट म्हणजे पुढे काच असलेलं पोलादी कपाट. आतला पंखा हवा सतत आत ओढून घेतो, त्यामुळे औषधाची वाफ नर्सच्या नाकापर्यंत येत नाही. निदान येऊ नये. "चव्वेचाळीस साली नवीन बसवलंय. त्याआधी आम्ही उघड्या टेबलावर करायचो."

मग त्यांनी चष्मा काढून फाइलवर ठेवला आणि स्वतःच खुर्चीत बसून टेकूवर हनुवटी टेकवली.

त्यांची वलयं पुष्कळ होती. बावीस वर्षांपूर्वी त्या विभागात आल्या, तिथून करड्या रंगाची फिकट रेघ सुरू होत होती. उघड्या टेबलाची सगळी वर्षं ती फिकटच होती. २०४४ मध्ये ती एकाएकी चौपट गडद झाली आणि आजतागायत तशीच राहिली होती.

"उलटं आहे," एस्तेर हळूच म्हणाली. "कपाट आल्यावर वाढलंय. पंखा हवा बाहेर फेकत असणार, थेट तोंडावर."

पटवेकर जुन्या नोंदी उघडू लागले. रुग्णालयातल्या एकशे चाळीस नर्सेसची वलयं त्यांनी वाचली होती. नऊ पदार्थांपैकी कुणाकडेच काही नव्हतं, म्हणून त्या नोंदी कुणी पुन्हा उघडल्या नव्हत्या. कर्करोग विभागात काम केलेल्या त्रेपन्न जणींच्या वलयांत करडा रंग होता.

मेट्रननी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "आणि हे सत्तेचाळीस." त्या दोन्ही वर्षी त्यांचं मूल पोटातच गेलं होतं. हे एस्तेरला नंतर कळलं. त्या क्षणी तिला फक्त त्यांचं बोट दिसलं. ते त्या दोन वलयांवरून हलत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मेट्रननी आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार केली. खात्याने तीन जणांची समिती नेमली. समिती येईपर्यंत वातकपाटाचा पंखा बदलून झाला होता आणि हवा बरोबर आत जात होती. वलयवाचक 'दुरुस्तीसाठी' परदेशी कारखान्यात परत गेला होता. असं दुसरं यंत्र देशात यायला दोन वर्षं लागणार होती. हाती उरल्या होत्या त्या फक्त जुन्या नोंदी.

समितीची बैठक आठवड्यावर आली, तेव्हा रुग्णालयाचे व्यवस्थापक रणदिवे यांनी एस्तेरला बोलावून घेतलं. गोड बोलणारा माणूस. चहा आला, बिस्किटं आली.

"आमच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे, की ते यंत्र सदोष होतं," ते म्हणाले. "त्याने काहीही दाखवलं. आता विचार करा, यंत्र चुकीचं, तर तुमच्याबद्दलचा निष्कर्षही चुकीचाच, नाही का? तुमच्यावर अन्याय झाला. नेमणूकपत्र तयार आहे. समितीपुढे एवढंच सांगायचं, की मी फॉर्मवर लिहिलं ते खरं होतं."

"मेट्रनसमोर मी कबूल केलंय."

"घाबरून केलंत. नवीन मुलगी, मोठं यंत्र. कुणालाही पटेल."

एस्तेरने ते पत्र हातात घेऊन वाचलं. आपलं नाव, त्याखाली 'परिचारिका'. हेच पाहण्यासाठी तिने इंजिनिअरिंगनंतर पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं शिक्षण घेतलं होतं. विचार करून सांगते, असं म्हणून ती बाहेर पडली आणि थेट पटवेकरांकडे गेली.

"सर, यंत्र बरोबर होतं हे सिद्ध कसं करायचं?"

"तेच तर अवघड आहे," ते म्हणाले. "इतर नर्सेसनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं, यंत्रानेही 'नाही' म्हटलं. बंद पडलेलं यंत्रही 'नाही'च म्हणेल. मला असा एखादा माणूस हवा, ज्याने काय घेतलं, केव्हा घेतलं, हे यंत्राखेरीज दुसरीकडून ठाऊक आहे. त्याचं वाचन जुळलं, तर त्याच यंत्राची बाकीची वाचनंही खरी धरावी लागतील." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की असा माणूस समोरच उभा आहे. "तुमच्या महिन्यांचे धागे गणकाने सोडवलेत. मी पाकीट सीलबंद करून समितीकडे दिलंय. तुम्ही ते पाहिलेलं नाही. पण एस्तेर, समितीचं कामकाज जाहीर असतं. तुमचं नाव कायमचं त्या कागदांवर राहील."

समितीपुढे रणदिवे पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "आपण गांजा घेतला होता का?"

"हो," एस्तेर म्हणाली. "२०५१ च्या जुलैपासून. होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. आठवड्यातून तीन-चारदा. बावन्नच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाही. मला कावीळ झाली होती, दोन महिने शेवगावला होते. एप्रिलला परत आल्यावर पुन्हा सुरू केला, पण कमी, शनिवार-रविवारच. शेवटचा नोव्हेंबरात. डिसेंबरात चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली. मला एक ओळ एका श्वासात म्हणता येईना. तेव्हा सोडला."

रुग्णालयाचे वकील उठले. "या बाईंनी आमच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं आहे. यांच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा?"

"माझ्या शब्दावर ठेवू नका," एस्तेर म्हणाली. "पाकीट उघडा."

अध्यक्षांनी पाकीट फोडलं. आत एकच आलेख होता. जुलै एकावन्नला रेघ वर चढत होती. बावन्नच्या फेब्रुवारीत शून्यावर, एप्रिलपासून पूर्वीच्या निम्म्याहून कमी, नोव्हेंबरानंतर सपाट. फेब्रुवारीच्या जागी पटवेकरांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ही पोकळी का, हे त्यांना उमगलं नव्हतं. अध्यक्षांनी महिने वाचून दाखवले आणि आलेख शेजारच्या सदस्याकडे सरकवला. वकील खाली बसले.

नोंदी ग्राह्य धरल्या गेल्या. त्रेपन्न नर्सेसच्या आयुष्यभराच्या तपासणीची आणि उपचारांची जबाबदारी रुग्णालयावर आली. एस्तेरला तिथे नोकरी मिळाली नाही. फॉर्म खोटा होता, नियम नियमच, असं मेट्रननी स्वतः सांगितलं. आणि सांगून झाल्यावर तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

पुढचे पाच महिने एस्तेरला कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. वर्तमानपत्रात तिच्या नावाआधी 'गांजा' हा शब्द छापून आला होता. शेवगावात आईला चार लोकांनी विचारलं. नोव्हेंबरात सोलापूरच्या एका लहानशा कर्करोग केंद्राचं पत्र आलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर फॉर्म ठेवला. एस्तेरने पेन उघडलं, पण लिहिलं नाही.

"आधी औषधांची खोली पाहू शकते का?"

बाई जरा चकित झाल्या, पण उठल्या. खोली छोटी होती, कपाट जुनं. एस्तेरने पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली आणि काचेखालच्या फटीपाशी धरली. धूर क्षणभर जागीच घुटमळला. मग त्याची रेघ लवली आणि सरळ आत गेली.

"चालेल," एस्तेर म्हणाली.