दातेरी पहाट

"सूर्याची कोर दिसली की पाणी सोडायचं. आधी नाही, नंतर नाही. आणि घड्याळात बघायचं नाही, त्याच्याकडं बघायचं."

नरसव्वा येमूलचं हे बोलणं आठवलं की डॉ. शर्वाणी तोडकरला हसू यायचं. आज आलं नाही. सोलापूरच्या वर्णपेशी संशोधन केंद्रात ती भिंगाच्या पडद्यासमोर बसली होती आणि पडद्यावर तिचाच डावा गाल शंभरपट मोठा होऊन पसरला होता. डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत कोडाने पांढरा. नवव्या वर्षापासून पांढरा. त्यात चाळीस दिवसांपूर्वी पेरलेल्या पेशी होत्या, जिवंत, आणि गाढ झोपलेल्या.

"आजही काही नाही?" मागून बसवराजने विचारलं. डॉ. बसवराज हिरेमठ प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळायचा आणि वाईट बातमी कळली की चहा करायचा. आत्ताही त्याच्या हातात दोन कप होते.

"काही नाही. पाच दिवस उरलेत."

पेरलेली वर्णपेशी, म्हणजे कातडीला रंग देणारी पेशी, पंचेचाळीस दिवसांत जागी झाली नाही, तर मरते. शर्वाणीसारखे आणखी सात जण या प्रयोगात होते, सात वेगवेगळ्या गावांत. आठही जणांवर पेरलेल्या पेशी एकाच बाईच्या होत्या. नरसव्वाच्या.

ही नरसव्वा केंद्राला सापडली ती एका चुकीच्या यादीतून. म्हणजे सगळ्यांना तेव्हा ती यादी चुकली असं वाटलं होतं. कोडाच्या चाळीस रुग्णांना रोज सकाळी सातला खास दिव्याखाली बसवण्याचा तो प्रयोग होता. त्यातल्या निम्म्यांना तुलनेसाठी खोटा दिवा होता, नुसता उजेड देणारा. सहा महिन्यांनी कुणालाच गुण आला नाही. आला तो फक्त नरसव्वाला, आणि तिला खोटा दिवा होता!

टॉवेल रंगवण्याच्या कारखान्यात बारा वर्षं रबरी हातमोजे घालून तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे पडले होते. त्या पांढऱ्यात आता तपकिरी ठिपके उगवत होते, एकेका केसाच्या मुळाशी एकेक, रांगोळी घालावी तसे.

"नोंदी उलटसुलट झाल्यात," बसवराज तेव्हा म्हणाला होता. शर्वाणी मात्र नरसव्वाच्या घरी गेली. गेली ती सकाळी दहाला, कारण त्याआधी ती कुठेच जात नसे.

"दिवा बिवा सोड," नरसव्वा म्हणाली होती. "मी गेल्या सालच्या रथसप्तमीपासनं गच्चीवर उभी राहून सूर्याला पाणी सोडायलेय. एक दिस चुकला नाही."

"हात बरे व्हावेत म्हणून?"

"हातांसाठी कशाला? तो रोज येतो बाई. कुणीतरी 'ये' म्हणायला नको का?"

त्या एका वाक्यावर शर्वाणी रात्रभर विचार करत राहिली आणि सकाळी बसवराजपुढे कागद आपटला.

"केसाच्या मुळाशी वर्णपेशींचा साठा असतो. झोपलेला. आपण त्यांना उठवायला रोज सातला दिवा लावतो. पण सूर्य रोज सातला उगवतो का? आज मिनिटभर आधी, चार दिवसांनी मिनिटभर उशिरा. ठरावीक वेळेचा उजेड या पेशींच्या लेखी पहाट नाहीच. त्यांच्यात घड्याळ आहे बसवराज, आणि ते उन्हाच्या पहिल्या सरळ किरणावर लागतं. रोज, सूर्याच्या पावलांनी आलं तरच."

"म्हणजे पेशी पंचांग बघतात?"

"तू हस. पण आपला दिवा सूर्योदयाच्या वेळेला बांधून बघ."

बांधला. त्या दिव्याला त्यांनी उदयदीप नाव दिलं. एकविसाव्या दिवशी उरलेल्या एकोणचाळीस जणांपैकी एकतीस जणांच्या कातडीवर ठिपके उगवले. त्या दिवशी केंद्रात पेढे संपले आणि बसवराजने शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना मिठ्या मारल्या.

पण शर्वाणीच्या गालाला उदयदीपाचा उपयोग नव्हता. तिची डावी भुवई पांढरी होती. केसच पांढरा म्हणजे मुळाशी साठाच रिकामा; उठवायचं कुणाला? अशांसाठी दुसऱ्याच्या पेशी पेरणं एवढाच उपाय, आणि प्रयोगशाळेत भराभर वाढणाऱ्या, टवटवीत पेशी होत्या नरसव्वाच्या.

"घे की," नरसव्वा मनगट पुढं करून म्हणाली होती. "माझं कातडं तुझ्या गालावर! उद्या तू पण विडी ओढायला लागशील." मग हसणं थांबवून म्हणाली, "पण एक कबूल कर. ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी माझ्या जागी तू उभी राहून पाणी सोडशील."

"सोडीन," शर्वाणी हसत म्हणाली होती. साडेआठशिवाय न उठणाऱ्या बाईला असला शब्द देणं सोपं असतं.

पेशींवरची परकेपणाची खूण पुसून त्या आठ जणांत पेरल्या. शरीरांनी त्या मुकाट स्वीकारल्या. उदयदीप रोज पहाटे लागला. आणि पेशी झोपून राहिल्या.

"परत एकदा पात्राकडे बघू," शर्वाणी चहा बाजूला ठेवत म्हणाली.

पेशीपात्र म्हणजे काळोख्या कपाटातली काचेची बशी. नरसव्वाच्या उरलेल्या पेशी तिथे होत्या. पूर्ण अंधारातही त्या दिवसातून एकदा रंगद्रव्याचा थेंब सोडायच्या, आणि मापक ती वेळ टिपायचा. सोलापूरच्या सूर्योदयाशीच ती जुळायला हवी होती. जुळत नव्हती. एके दिवशी आठ मिनिटं उशीर, दोन दिवसांनी नऊ, मग दहा, करत चौदा, आणि लगेच परत आठ.

"कपाट बिघडलंय म्हणून मी दोनदा बदललं," बसवराज म्हणाला. "तिसरंही तेच करतंय. शेवटी सरासरी काढली, अकरा मिनिटं. उदयदीप अकरा मिनिटं पुढे ढकलला. त्यानेही काही नाही."

"मूळ आकडे छापून दे. सरासरी नको."

त्याने चाळीस दिवसांचा आलेख छापून दिला. हळूहळू चढणारी तिरपी रेघ, मग सरळ खाली कोसळणारी. पुन्हा चढ, पुन्हा कडा. शर्वाणीने तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि ती नरसव्वाकडे निघाली. तुमच्या पेशी जगणार नाहीत, हे तिला तोंडावर सांगायला हवं होतं.

नरसव्वा गच्चीवर मिरच्या गोळा करत होती. शर्वाणी इथे कितीदा आली होती, पण गच्चीवर पहिल्यांदाच. दिवस कलला होता.

"ये बाई. बस. तोंड का उतरलं?"

"कुठे उभ्या राहता तुम्ही, पाणी सोडताना?"

"ही काय, ह्या फरशीवर. गिरणीकडं तोंड करून."

शर्वाणी त्या फरशीवर उभी राहिली. पूर्वेला, हाकेच्या अंतरावर, बंद पडलेली कापडगिरणी होती. मावळतीच्या उन्हात तिचं छप्पर लख्ख दिसत होतं. जुन्या गिरण्यांना असतं तसं, करवतीच्या दात्यांचं. तिरपा चढ, सरळ कडा. तिरपा चढ, सरळ कडा.

तिने पर्स उघडली. आलेख उलगडून डोळ्यांसमोर धरला. कागदावरचे तीन दाते आणि मागच्या छपराचे तीन दाते.

"अगं, काय झालं? चक्कर आली का?"

"नरसव्वा!" शर्वाणी एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "तुमचा सूर्य उशिरा उगवतो!"

"उगवंल की. गिरणी हाय ना मधी."

शर्वाणीने फोन लावला. "बसवराज, कपाट चांगलं आहे! आपण वेडे आहोत. पंचांगातला सूर्योदय क्षितिजावरचा असतो. नरसव्वाचा सूर्य गिरणीच्या छपरावरून येतो. तो रोज थोडा दक्षिणेला सरकतो, म्हणजे रोज छपराच्या वेगळ्या उंचीवरून डोकावतो. दाता चढला की उशीर वाढतो, दाता संपला की कमी होतो. तुझ्या बशीतल्या पेशींनी अंधारात बसून गिरणीचं छप्पर काढलंय!"

पलीकडे कप फुटल्याचा आवाज आला.

"आणि आपण त्याची सरासरी काढली," बसवराज म्हणाला. "दाते घासून सपाट केले."

"कोऱ्या पेशी एकवीस दिवसांत कुठलीही पहाट शिकतात. शिकलेल्या विसरत नाहीत, ओळखीची पहाट दिसली की लगेच उठतात. वर्षभराची वेळखूण आहे त्यांच्यात, एकेका दिवसाची. परकेपणा आपण पुसला, पण ही गच्ची कोण पुसणार? उदयदीप पंचांगाला बांधू नकोस. बशीला बांध. बशी सांगेल तेव्हा आठही गावांत दिवा लागू दे."

"आजच बांधतो. पाच दिवस आहेत ना?"

"चारच समज."

नरसव्वा मिरच्यांचं सूप काखेत धरून हे सगळं ऐकत होती. "म्हणजे माझी पाणी सोडायची वेळ आता आठ घरात जाणार?"

"कायमची. माझ्या गालावर आता जन्मभर गिरणीची पहाट."

"मग भाडं मागू का गिरणीवाल्याकडं, का त्यो मागंल तुझ्याकडं?" म्हणत ती खळखळून हसली.

त्रेचाळिसाव्या दिवशी वसईहून फोन आला. तिथल्या शाळेतले कवायतीचे मास्तर फ्रान्सिस डाबरे, वरच्या ओठावर कोड असलेले, बोलता बोलता रडतच होते. "मॅडम, माझ्या ओठावर तीळ उगवलाय! बायको म्हणते शाई लागली. घासून बघितलं, जात नाही!"

"घासू नका हो मास्तर, घासू नका!" शर्वाणी उभी राहून ओरडली.

दुपारपर्यंत पाच गावांतून फोन आले, संध्याकाळपर्यंत सात. आठव्याला फोनची गरज नव्हती. बसवराजने तिला भिंगासमोर ओढून बसवलं. पांढऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली, मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. त्याच्या शेजारी दुसरा. तिने बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, झोपलेल्या मुलाला जाग येईल म्हणून काढावं तसं.

"आता पेढे," बसवराज म्हणाला. "आणि उद्या सुट्टी. दिवा आपोआप लागतोय, तू खुशाल दुपारपर्यंत झोप."

तेवढ्यात नरसव्वाच्या मुलाचा निरोप आला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आजच झाली. सगळं ठीक आहे. डोळ्यावर पट्टी आहे, आई आजची रात्र दवाखान्यातच आहे. आणि आईने फक्त एवढंच विचारलंय, की बाईंच्या ध्यानात आहे ना?

बसवराजने निरोप वाचला. "तिला कळव, काळजी करू नका म्हणावं. तिच्या पेशी जाग्या झाल्यात. एका दिवसाने तिच्या हातांचंही काही बिघडत नाही, तेवढं तपासलंय आपण. दिवा तर आपला आहेच."

"दिवा आहे," शर्वाणी म्हणाली. "गालासाठी आहे."

"मग?"

तिने पेढा अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाचला ती उठली. गजर लावला नव्हता, तरी जाग आली. अंघोळ झाली. आईच्या वेळचा तांब्या चिंचेने घासून रात्रीच ठेवला होता. तो तिने काठोकाठ भरला. पायांत चपला घातल्या. दाराशी आल्यावर काहीतरी आठवून ती परत फिरली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि तांब्यातलं पाणी हिंदकळू न देता, गिरणीच्या दिशेने चालू लागली.