पोटातलं गरम औषध

"पोटात गरम औषध भरून दीड तास फिरवत ठेवू," असं डॉक्टर देशकर बाबांना सांगत होत्या. बारा वर्षांच्या केतकीने ते दाराआडून ऐकलं. आईला आधीच कॅन्सर, त्यात हे गरम औषध कशाला?

२०४६ सालातलं नागपूरचं ते रुग्णालय. नातेवाइकांना समजावून सांगायला तिथे 'उमज' नावाचा यंत्रमानव होता. केतकीने त्याला जिन्याजवळ गाठलं.

"आई भाजेल ना?"

"नाही. बेचाळीस अंश, म्हणजे आंघोळीच्या कढत पाण्याइतकंच." उमजने हवेत पोटाचं चित्र उभं केलं. "कॅन्सर इथे, उदरावरणावर (पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर) पसरलाय. वेगाने."

"मग सलाइनमधून औषध द्या की!"

"तीन महिने दिलं. गाठी आकसल्या, संपल्या नाहीत. शिरेतलं औषध रक्तातून जातं आणि या अस्तरापर्यंत ते कमीच पोचतं. म्हणून आधी दिसतील तेवढ्या गाठी कापून काढायच्या. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या पेशी उरतील, त्यांच्यावर थेट औषध सोडायचं. उष्णतेने त्या दुबळ्या होतात, औषध जास्त लागू पडतं. दीड तास पोटातल्या पोटात फिरवून शेवटी ते औषध काढून घेतात."

"दुसरं काहीच नाही?"

"आहे. शस्त्रक्रिया न करता नुसता त्रास कमी करत राहणं. आईने दोन्ही ऐकून शस्त्रक्रिया निवडली."

"ती बरी होईल?"

"माहीत नाही, केतकी. खोटं नाही सांगणार."

गुरुवारी सकाळी आठला आईला आत नेलं. दुपार झाली, चार वाजले. बाबांनी चहाला हात लावला नव्हता. "एवढा वेळ का लागतोय?" ते पुटपुटले.

"बाबा, सगळ्या गाठी शोधून काढायच्या असतात. त्याशिवाय औषध सोडून उपयोग नाही," केतकी म्हणाली. मग तिने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबांनी तिचा हात घट्ट धरला.

सहा वाजता डॉक्टर बाहेर आल्या. "दिसली ती प्रत्येक गाठ काढली. औषधही पूर्ण दिलं. आता तीन महिन्यांनी तपासणी."

म्हणजे भीती संपली नव्हती.

पाचव्या दिवशी, एरवी दिवसभर सिटी बस चालवणारी आई केतकीच्या खांद्यावर हात टेकून बारा पावलं चालली आणि धापा टाकत थांबली.

"पुरे ना, आई?"

"आज पुरे," आई म्हणाली. "उद्या त्या खिडकीपर्यंत जाऊ."