स्विचवरची दोन लाल कुलपं

विषय : पाइप शेडमधील रोलरच्या स्विचवर असलेली दोन लाल कुलपे तोडण्यास परवानगी मिळण्याबाबत.

उपरोक्त विषयीचा अर्ज यार्डाच्या मालकाने केला असून तो कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे आहे. सुरक्षा विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि एक बाई. यार्डातले लोक तिला कुलूपवाली मॅडम म्हणत. तोंडावर नुसतं मॅडम.

कंपनी समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायची. समुद्राच्या तळात एक लोखंडी पाइप ठोकतात आणि त्यावर पवनचक्की उभी राहते. पाइप एवढा रुंद, की त्यातून बस जावी. हे पाइप कंपनी खाडीच्या तोंडावरच्या एका यार्डाकडून बनवून घेई. आडवा पाइप रोलरवर ठेवायचा, माणसांनी आत शिरून सांधे घासायचे, ती बाहेर आली की बटण दाबायचं, आणि तो अजस्र पाइप जागच्या जागी संथपणे गोल फिरू लागे. फिरताना आत माणूस असू नये, एवढीच काळजी घ्यायची.

तीच घेतली जात नव्हती, म्हणून कंपनीने पुरवठादारांना सुधारायचं ठरवलं. 'पुरवठादार म्हणजे आपलं कुटुंब' असे फलक लागले. ज्यांना रोज जाब विचारता येतो पण जेवायला बोलवावं लागत नाही, ते कुटुंब. मॅडमने मात्र हे मनावर घेतलं. प्रत्येक कामगाराला तिने स्वतःचं एक लाल कुलूप दिलं. पाइपात शिरण्याआधी स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. कुलूप आहे तोवर रोलर फिरणार नाही. नियमही तिनेच लिहिला : ज्याचे कुलूप त्यानेच काढावे, तो हजर नसल्यास त्याच्या लेखी संमतीने काढावे.

मुकादमाने नियम ऐकला, मान डोलावली, आणि सगळ्यांच्या किल्ल्या गोळा करून आपल्या कमरेच्या कड्यात अडकवल्या.

"हरवतात हो, मॅडम. ही माणसं डब्याचं झाकण हरवतात, किल्ली काय सांभाळणार?"

"आणि तुमचं कुलूप कुठाय?"

"मला कशाला? मी कुठं आत जातो?"

एकच किल्ली त्याच्या हाती लागली नाही. रोलर चालवणारा मॅडमचा धाकटा भाऊ होता. तिनेच शब्द टाकून त्याला तिथं चिकटवलं होतं. त्याची किल्ली तिने दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली होती. "शाळेत पाण्याची बाटली अडकवायचीस तशी," तो म्हणाला होता.

आत घासायचं काम करणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो पाइपात शिरला की गायचा. गळा यथातथाच, पण पाइपात कुणाचाही आवाज मोठा वाटतो, मोठ्या खुर्चीत वाटतो तसा. त्याच्या कुलपावर त्याच्या मुलीने निळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

एके दिवशी पाइप न्यायला आलेली बार्ज धक्क्याला लागली होती आणि भरती कुणासाठी थांबणार नव्हती. स्विचवर निळ्या ठिपक्याचं कुलूप होतं. भोंगा जेवायला गेला असेल, असं मुकादमाने ठरवलं, कड्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. भावाने नेहमीसारखं बटण दाबलं.

भोंगा आतच होता. ज्या लोखंडी गाड्यावर उभा राहून तो घासत होता, तो गाडा पाइपाच्या भिंतीबरोबर वर चढला आणि कलंडून त्याच्यावर आला. हातातल्या ग्राइंडरची चकती फिरतच होती. पाइपाने त्याला पुन्हा वर नेलं, पुन्हा आपटलं. थांबल्यावर पाइपाच्या तोंडातून जे ओघळत आलं, ते सगळंच रक्त नव्हतं. मुलीला काही दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. मग पाइप धुतला, रंगवला आणि पाठवला. तो आज समुद्रात उभा आहे.

चौकशी झाली. मुकादमाला समज देण्यात आली. समज देणं सोपं असतं, ती घेतली का हे कुणी बघत नाही. ते कुलूप सीलबंद पिशवीत घालून मॅडमने स्वतःच्या कपाटात ठेवलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती नेहमीच्या भेटीला यार्डात गेली. काखेत नवीन फलकांची गुंडाळी होती. दुपारची वेळ, पण समुद्रावरून धुकं असं आत आलं होतं की शेडमधले दिवे लावले होते, आणि उजेड दिव्याभोवतीच घोटाळत होता. जळक्या लोखंडाचा वास येत होता. त्याखाली आणखी एक वास होता, गोडसर. रोलरवर नवा पाइप होता. माणसं पाइपाबाहेर रांगेत उभी होती, आणि काम थांबलं होतं.

स्विचवर निळ्या ठिपक्याचं कुलूप होतं.

तिने हात लावला. ते कोमट होतं, खिशातून आत्ताच काढल्यासारखं. तिने ऑफिसात फोन करून शिपायाला कपाट उघडायला सांगितलं.

"पिशवी आहे, बाई," शिपाई म्हणाला. "सीलही आहे. आत… काही नाही."

"कुणाची तरी चेष्टा आहे," मुकादम म्हणाला. "किल्लीही लागेना. माणसं मोजली, सगळी बाहेर आहेत. बार्ज थांबलीय, मॅडम. कटर आणलाय मी."

"तोडू नका."

"लेखी द्या. तोवर भरती ओसरेल, मग तुमच्या साहेबांना तुम्हीच सांगा."

ती काय लिहून देणार? पुरवठादाराला सल्ला देण्याचा अधिकार तिला होता. थांबवण्याचा नव्हता.

भाऊ बटणापाशी पांढराफटक उभा होता. "ताई… आत कुणीतरी गातंय."

मुकादमाने पाइपाच्या तोंडाशी जाऊन बॅटरी मारली. दुसऱ्या टोकाचं धुकं दिसलं, बाकी काही नाही. तो परत आला, त्याने कटर दाबला, आणि कुलूप तुटून खाली पडलं.

"दाब."

"मी नाही दाबणार."

"बहिणीच्या जिवावर नोकरी करतोस, आणि वर तोंड?" त्याने भावाचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि बटणावर दाबला.

पाइप फिरू लागला. आणि मुकादम, जो सपाट जमिनीवर उभा होता, एका बाजूला कलला.

आधी वाटलं, घसरला. पण तो वर जात होता. काहीही नसताना, पाठ कशाला तरी टेकल्यासारखी तो हवेत चढला, शेडच्या तुळईपर्यंत, आणि तिथून खाली आला. मानेचा आवाज नाही झाला, गुडघ्यांचा झाला. तो ओरडला, पण ओरडणं पाइपातून आलं. पुन्हा वर गेला. या वेळी त्याच्यावर न दिसणारं काहीतरी कोसळलं, आणि छाती डब्यासारखी आत गेली. मग त्याच्या गालावरून, कपाळावरून, खांद्यावरून एक बारीक, सरळ रेघ फिरत गेली आणि तिच्यातून ठिणग्यांसारखं रक्त उडालं. रांगेतल्या माणसांच्या कपड्यांवर ते पडलं. कड्यातल्या किल्ल्या खुळखुळत होत्या.

मॅडमने फलक टाकून दिले आणि थांबवायच्या लाल बटणावर दोन्ही हात आपटले. एवढा जड पाइप लगेच थांबत नाही. तो आणखी थोडा फिरला. मुकादमही.

प्रेत तपासून डॉक्टरने विचारलं, किती उंचावरून पडला? रांगेतल्या एकाने सांगितलं, जमिनीवरून.

दुसऱ्या दिवशी स्विचवर दोन कुलपं होती. एक निळ्या ठिपक्याचं, अखंड. दुसरं भावाचं. मुकादमाचं नव्हतं, त्याने स्वतःसाठी कुलूप कधी घेतलंच नव्हतं.

मॅडम तडक भावाच्या खोलीवर गेली. तो पलंगावर उताणा, दोन्ही हातांनी पलंगाच्या कडा धरून पडला होता. किल्ली गळ्यात होती.

"चल माझ्याबरोबर. तुझं कुलूप तू काढ. एका मिनिटाचं काम आहे."

"आतून हात पोचत नाही, ताई."

"अरे, तू घरी आहेस. मी तुझ्या पलंगावर बसलेय ना?"

"हो, तुझा आवाज येतोय. लांबून येतोय." तो थोडा वेळ काहीतरी ऐकत राहिला. "भोंगा म्हणतो, घाबरू नकोस, कुलूप लावलंय… ताई, फिरवणार नाहीत ना?"

तिने चादर ओढून त्याच्या छातीवर घातली. चादरीवर लोखंडाचा बारीक कीस होता. तिने तो झटकला. थोड्या वेळाने तो पुन्हा होता.

मुकादमाचं पाहिल्यावर लेखी परवानगीशिवाय कटर हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात मालकाचा अर्ज आला. मॅडमने त्यावर शेरा मारला : नियमानुसार दोन्ही कुलूपधारकांची लेखी संमती जोडावी. मालकाने कळवलं, पहिला कुलूपधारक मयत आहे. तिने उलट कळवलं, मयत व्यक्ती 'हजर नसल्यास' यातच मोडते, संमती आवश्यक. मालकाने विचारलं, दुसरा तर जिवंत आहे, त्याची सही का नाही? तिने कळवलं, तो कामावर आहे.

यावर मालकाने प्रकरण वरच्या साहेबांकडे नेलं आहे. साहेबांना भरतीचं वेळापत्रक पाठ आहे. यार्डाने नवा कटर घेतला आहे. मॅडम ऑफिस सुटल्यावर भावाकडे जाते आणि पलंग भिंतीला नीट टेकला आहे की नाही, कलत तर नाही ना, हे बघते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.