एकतिसावं पान

वाचनालयाचं पुस्तक वाचून झालं की एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करायची आमच्या हिची सवय होती. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. आवडलं तर गोल, नाही तर फुली. गोल कसला, चेपलेलं लिंबूच ते. मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले. मला तो गोल बघवत नसे.

ती गेली आणि दुपारी खायला उठू लागल्या, तेव्हा मी तिच्या खुणा शोधत पुस्तकं आणू लागलो. आधी एक नावाजलेली जाडजूड कादंबरी फुली असूनही हट्टानं वाचली. दीडशे पानं झाली तरी नायक खिडकीपाशीच उभा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तेव्हापासून हिचं ऐकू लागलो. विहिरी खणणाऱ्या एका माणसाच्या आठवणींचं पातळ, मळकं पुस्तक केवळ तिच्या गोलावर भरवसा ठेवून आणलं, ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडलो. मग मीही तिच्या खुणेखाली माझी खूण करू लागलो. माझा गोल मात्र कंपासनं काढल्यासारखा. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही पुस्तकांवर एवढं कधी बोललो नव्हतो.

मग एका नव्याकोऱ्या पुस्तकात लिंबू दिसलं. पुस्तक याच वर्षी छापलेलं. हिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

“हे माझ्याआधी कुणी नेलं होतं का?” मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

“कुणीच नाही. पहिले तुम्हीच.”

कुणीतरी हिची नक्कल करत असेल, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या दोन नव्या पुस्तकांतही तेच. एकात फुली होती. ते खरोखरच टाकाऊ निघालं.

एवढ्यात मुलीचा फोन आला. “बाबा, शनिवारी न्यायला येतेय. आता एकटं राहायचं नाही.”

मी आढेवेढे घेतले. इथून हललो तर तुझ्या आईची सोबत सुटेल, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

शुक्रवारी मी बाईंना नवा गठ्ठा माझ्यासमोर सोडायला लावला. “आज काय पंचनामा आहे का?” म्हणत त्यांनी सुतळी कापली. वरच्या पुस्तकाचं प्लास्टिक मी स्वतः फाडलं आणि एकतिसावं पान उघडलं.

लिंबू होतं.

त्याखाली एक काटेकोर गोल. माझा.

त्याखाली एक इवलीशी चांदणी.

मी खुर्चीत बसलो. न वाचलेल्या पुस्तकात माझी खूण होती, म्हणजे हिच्या बाजूला जायचं माझंही ठरलं होतं. भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, बरं वाटलं. मुलीबरोबर जायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. चांदणीकडे फारसं लक्ष दिलं नाही.

शनिवारी मुलगी आली. चहा घेताना टेबलावरच्या, मी काल आणलेल्या त्या पुस्तकाकडे बघून हसली.

“आई असती तर तुमच्याआधी वाचून मोकळी झाली असती.”

“हो.”

“मलाही हल्ली तिचीच सवय लागलीय. पुस्तक आवडलं की खूण करते.”

मी चष्मा काढून पुसला. “गोल?”

“छे, मला कुठला गोल जमतोय? चांदणी काढते.”

मी पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि वर दोन्ही हात ठेवले.

“हे वाचू नकोस. अगदीच फालतू आहे.”

“असं काय म्हणता बाबा? येताना गाडीत मी हेच वाचत होते.” तिनं पिशवीतून तिची प्रत काढली आणि पेन्सिल कानामागे खोचली. “शेवटची चारच पानं राहिलीत.”