उतरंड

मुंगसाने पाठ सोललेली कोंबडी अकराव्या दिवशी उभी राहिली. जाळीच्या खोक्यात तिने पंख झाडले, आणि या कोंबड्या सांभाळणारी कुमुद गावडे खुराड्याच्या फरशीवर मटकन बसली. आनंदाने नव्हे, पायांत बळच उरलं नव्हतं.

"बघा! विड्याच्या पानाएवढी जखम, आता नखाएवढी राहिली," डॉ. हेरंब लोटलीकर दारातून म्हणाले. परसकुक्कुट संशोधन केंद्राचे ते प्रमुख. खुराड्याचा वास सोसत नसे, म्हणून त्यांचं विज्ञान नेहमी दारापर्यंतच यायचं.

"आणि हेही बघा, सर." कुमुदने बोट वर केलं. नऊ दिवसांपूर्वी विळीवर कापलेलं, अजून ओलंच. केस मुठीने गळत होते. सकाळी देवापुढे बसलं की उठताना भिंत धरावी लागे.

"चातुर्मासाचं एकभुक्त सोडा, कुमुदताई. दुसरं काही नाही."

"वीस वर्षं करतेय. वीस वर्षं कापही भरत आले की." तिने जाळीतल्या कोंबडीकडे पाहिलं. "हिच्या पाठीवरचा तुमचा लेप मला पुन्हा एकदा सांगा. सावकाश."

लोटलीकरांना हे आवडायचंच. "कातडी विणायला जो वाढरस लागतो, तो एकट्या जखमी जिवाला पुरत नाही. म्हणून तो कळपाकडून वर्गणीसारखा गोळा करायचा. लेपात सूक्ष्मजीव आहेत, मी त्यांना वाटेकरी म्हणतो. दुसरीच्या कातडीवर बसले की तिथला वाढरस उपसून हवेत सोडतात. लेप तो शोषून घेतो. बारा कोंबड्या, प्रत्येकीला चिमूटभर थकवा. कुणाला कळणारही नाही."

"आणि वाटेकरी दुसरीपर्यंत जातात कसे?"

"चोचीवरून. जखम दिसली की कोंबड्या टोचतातच. म्हणून जाळीची भोकं चोचीपुरती ठेवली. आधी लेपाला टोचायचं, मग एकमेकींना."

"एकमेकींना?" कुमुद हसली, पण तेही दमून. "सर, कोंबड्या एकमेकींना टोचत नाहीत. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही. मडक्यांची उतरंड असते ना, तशी. सगळ्यांत वरची फक्त देते. सगळ्यांत तळाची फक्त घेते."

लोटलीकरांच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे वाटेकरी तळाला साचत असणार. तळाला कोण, ती ठिपकी? पण मी आजच तक्ता पाहिला. तिचं वजन वाढलंय!"

"वाढणारच. तिला टोचायला लागल्या की मी हात मध्ये घालते."

तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक ठिपके, लाल, काही काळे पडलेले.

"दाणेही हातावरूनच भरवते. बाराही जणी टोचतात. ठिपकीसुद्धा. मुक्या जिवावर हात उगारायचा नाही, हा माझा नेम आहे."

दारातले लोटलीकर ठिपके मोजायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले. बारा जणींची वर्गणी अकरा दिवस एकट्या कुमुदने भरली होती.

"उद्यापासून कोपरापर्यंत हातमोजे घाला," ते म्हणाले.

"मग तळाला कोण?"

दोघांनी ठिपकीकडे पाहिलं. सातशे ग्रॅमचा जीव, भुशात पाय उकरत होता.

"दोन दिवसांत संपेल," लोटलीकर पुटपुटले.

"आणि लेप काढला तर?"

"जखम अजून उघडी आहे. आजार शिरेल, ही जाईल. आणखी चारच दिवस हवेत हो."

"चार दिवस मी काढते म्हटलं असतं, सर. आजवर तसंच म्हणत आले. पण आज मला उठताच येत नाहीये." कुमुदने दाण्यांची वाटी दाराच्या दिशेने सरकवली. "अंगात भरपूर वाढरस असलेलं कुणीतरी तळाला बसायला हवं. पंचाहत्तर किलोंचं असेल तर उत्तमच."

लोटलीकरांनी वाटीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग बूट काढले, विजार दुमडली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. कुमुदने दाखवलं तसे उकिडवे बसले, तळहातावर दाणे घेतले.

सगळ्यांत आधी ठिपकीच आली. एक डोळा वाकडा करून तिने हा नवा जीव न्याहाळला आणि दाणे सोडून अंगठ्यावर कचकन चोच मारली.

"आई गं!" लोटलीकरांचा हात आपसूक वर गेला.

"अंहं, सर," कुमुद हळूच म्हणाली. "उगारायचा नाही."

हात खाली आला. मागोमाग बाकीच्या अकरा जणी आल्या.