अंगठ्याचं ठिगळ

साताऱ्याच्या त्या दवाखान्यात रंगूबाईचं काम तसं साधं. ऑपरेशनचे रबरी हातमोजे धुवायचे, अंधाऱ्या खोलीत न्यायचे, फुंकून फुगवायचे आणि कंदिलापुढं फिरवायचे. भोक असलं की तिथं उजेडाचा ठिपका चमकायचा. मग त्यावर जुन्या मोज्याचं ठिगळ, सायकलच्या पंक्चरला लावतात तसं. लढाईपायी रबर कुठं मिळेना. ठिगळं लावून लावून बाई मेटाकुटीला आली होती.

त्या दुपारीही तेच काम होतं, फक्त टेबलावर तिची लेक अंजना होती. कालपासून अडलेली. डॉक्टर पोट उघडणार होते.

फुटक्या मोज्यानं काय होतं, ते रंगूबाईनं मागच्याच महिन्यात पाहिलं होतं. म्हसवडची राहीबाई, पोट उघडल्यावर तापानं फणफणून गेली. मूल आधीच गेलेलं. मरताना तिनं रंगूबाईचा अंगठा असा आवळला की नख निळं पडलं. "माजं लेकरू दे," एवढंच म्हणत राहिली. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या अंगाला लागलेलं काही कुणी ठेवत नाही. डॉक्टरांनीही ते मोजे पुरायला सांगितले होते. रंगूबाईनं एक पुरला आणि दुसरा उकळून ठिगळांसाठी ठेवला. रबर टाकवेना हो तिला. आज सकाळी डाव्या मोज्याच्या अंगठ्याला तिनं त्याचंच ठिगळ लावलं होतं.

"रंगूबाई, झालं का?" दाराबाहेरून गोदावरी नर्सनं विचारलं. "पाणी उकळतंय. डॉक्टर थांबलेत."

"झालंच, बाई."

उजवा मोजा चांगला निघाला. डावा तिनं फुगवला, मनगटाशी पिळून कंदिलापुढं धरला. ठिपका कुठंच नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिला दिसलं. चार बोटांतून पिवळा उजेड आरपार येत होता. अंगठा मात्र काळा, आत काही भरल्यासारखा. ठिगळाची सावली म्हणावी, तर ठिगळ टिकलीएवढं. ती बघत असतानाच अंगठा हळूच वाकला.

दुसरी जोडी नव्हती. हा नाही दिला तर डॉक्टर उघडा हात घालणार, आणि अंजनाचीही राहीबाई होणार. आणि दिला तर...

"राहीबाई..." ती कुजबुजली. "चुकलं माजं. पाया पडते गं. माज्या लेकीला तेवढी सोड... तुला काय पायजे ते घे."

अंगठा सरळ झाला. रंगूबाईनं मोजे गोदावरीच्या हाती दिले.

अंजना वाचली. मुलगी झाली. रंगूबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मोजा परत आला तेव्हा तिनं तो पुन्हा कंदिलापुढं धरला. पाचही बोटांतून लख्ख उजेड आला. तरी तिनं तो दवाखान्यामागं खोल पुरला.

तिन्हीसांजेला ती कंदील घेऊन लेकीच्या खाटेशी गेली. पोरगी टक्क जागी होती, रडत नव्हती. सवयच ती, रंगूबाईनं तिचा इवलासा हात उजेडापुढं धरला. चार बोटं गुलाबी दिसली. अंगठा काळा.

"काय बघतीस, आये?" अंजनानं विचारलं.

"काय न्हाई गं..."

तिनं हात मागं घ्यायला पाहिलं. पोरीनं तिचा अंगठा धरला होता. रंगूबाईनं हळूच ओढला, मग जोर लावून ओढला. सुटेना. कंदिलाच्या उजेडात तिचं नख निळं पडत चाललं होतं.