न थांबलेला रहाट

भूत कोणत्या भाषेत बोलतं, असं मघाशी कुणीतरी विचारलंत. हसा, हसा. जयरामही असाच हसायचा. आमच्याच वर्तमानपत्रातला बातमीदार, वसईचा. पुराव्याशिवाय देवालाही न मानणारा. त्याच्यावर हे गुदरलं ते १९५५ सालच्या पौष अमावास्येला. रविवार होता.

त्या संध्याकाळी बॅटरीवरचा रेडिओ सायकलच्या कॅरिअरला बांधून जयराम नाळ्याला निघाला. आनंदीबाईंना जर्मनीचं नाटक ऐकवायचं होतं.

वाडीवाल्या बाईला जर्मन नाटक कशाला? तेच सांगतो.

आनंदीबाईंच्या वाडीत हार्टेल नावाचा एक जर्मन भाड्यानं राहायचा. गाव त्याला 'हॉटेलसाहेब' म्हणे. बर्लिनला असताना तो रेडिओसाठी खुनाच्या श्रुतिका लिहायचा. हिटलरच्या लोकांनी काम काढून घेतलं, म्हणून पळून मुंबईला आला. लढाई पेटली तशी इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून तारेच्या कुंपणाआड टाकला. तिकडे देशद्रोही, इकडे शत्रू! घ्या न्याय! सुटल्यावर त्यानं पुन्हा लिहायला घेतलं. केळीच्या बागेत डोळे मिटून बसायचा, तासन् तास ऐकायचा, मग लिहून टपालात टाकायचा. जर्मनीत त्याची श्रुतिका लागली की लोक जेवण निवू देत म्हणे. इथे त्याची ओळख फक्त पोस्टमनला.

"रेडिओवर मुडदा दिसत नाही," तो जयरामला सांगायचा. "काय थांबलं आणि काय चालू राहिलं, तेवढंच ऐकू येतं."

आनंदीबाईंची लेक सरला कुंपणापलीकडच्या वाडीत, हरिश्चंद्राला दिलेली. एका दुपारी ती वाडीच्या टोकाच्या तळ्यात, आपल्याकडच्या बावखलात, मेलेली सापडली. फौजदारानं विचारलं, नवरा कुठे होता? आनंदीबाईच म्हणाल्या, "रहाटावर. सकाळभर कुरकुर ऐकत होते मी." झालं! सरलानं जीव दिला, असं कागदावर चढलं. वेडी होती, असं गावानं ठरवून टाकलं.

हार्टेलनंही तोच रहाट ऐकला होता. तो म्हणाला, "हाकणारा माणूस दम खातो, विडी पेटवतो. बैल थांबतो. त्या सकाळी रहाट एकदाही थांबला नाही. झापडं बांधलेला बैल एकटाच फिरत होता." फौजदारानं त्याला हसून वाटेला लावलं. जयरामनं बातमी लिहिली, संपादकानं केराच्या टोपलीत टाकली. आमच्या धंद्यात पुढाऱ्याच्या पडशाला पहिलं पान मिळतं. वाडीतल्या सुनेच्या मरणाला चार ओळी मिळत नाहीत. मग हार्टेलनं त्यावरच नाटक लिहिलं, जर्मनीला पाठवलं आणि पावसाळ्यात तापानं गेला. ते नाटक त्या रात्री लागणार होतं.

"भाषा कळायची नाही हो, मावशी," जयराम रेडिओ मांडता मांडता म्हणाला.

"भाषा काय करायची मला? एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणू दे, माझ्या पोरीनं जीव दिला नाही. कुठल्या का भाषेत असेना. माझ्याच जिभेनं सुटला रे तो!"

रात्री नाटक सुरू झालं. खरखर, मग बायका-पुरुषांचे आवाज. हार्टेलनं जयरामला सगळी गोष्ट आधीच सांगितली होती, म्हणून तो हळू आवाजात अर्थ सांगू लागला. "आता नवरा बैल जुंपतोय."

कुर्र… कुर्र…

"हा रहाट?" आनंदीबाई फणकारल्या. "अरे, हे तर दार वाजतंय."

"तिकडे रहाट कुठला, मावशी? बिजागरीच वाजवली असणार."

दोघंही थोडं हसले.

"आता ती तळ्याकडे निघाली…"

आवाज क्षीण झाला. रेडिओच्या लाटा हटल्या. नुसती खरखर. जयरामनं खुंटी फिरवली. काही नाही.

मग पुन्हा कुरकुर आली. जड. ओल्या लाकडाची.

"हा आपला," आनंदीबाई म्हणाल्या.

जयरामनं रेडिओ बंद केला.

कुरकुर चालूच राहिली.

आवाज कुंपणापलीकडून येत होता. हरिश्चंद्रानं तर बैल कधीच विकला होता. तेलाचं इंजिन बसवलं होतं. रहाट कोरडा पडला होता. आणि आता पन्हळीत पाणी पडत होतं. धो… धो…

"थांबेल," जयराम म्हणाला.

थांबला नाही.

आनंदीबाई खिडकीशी गेल्या. "सरले…?"

…

कुर्र… कुर्र…

जयरामनं कंदील उचलला. कडीला हात घातला. हात तिथेच राहिला. पुरावा मागणारा माणूस! पुरावा दहा पावलांवर होता. तो गेला नाही. दोघंही उजाडेपर्यंत बसून होते.

तांबडं फुटलं तशी माणसं धावली. केळीचे वाफे तुडुंब भरलेले. आणि रहाटाच्या फेऱ्यात, बैलाचा दांडा मानेवर घेऊन, हरिश्चंद्र फिरत होता. डोळे उघडे. चौघांनी धरून त्याला सोडवलं, तरी त्याचे पाय जमिनीवर चालतच होते.

आनंदीबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आता बोल."

तो बोलला नाही. पुढेही कधीच नाही.

मग त्या गर्दीकडे वळल्या. "माझी साक्ष खोटी होती. माझ्या सरलेनं जीव दिला नाही."

आख्खी आळी ऐकत होती. कागदावर मात्र अजून तेच आहे. मी स्वतः जाऊन पाहिलंय.

हरिश्चंद्राला ओटीवर निजवलं तेव्हा जयरामनं त्याची मान पाहिली. बोटानं दाबूनही पाहिली. काळा, टणक, केस झडलेला घट्टा. बारा-बारा वर्षं जू ओढलेल्या बैलाला पडतो तसा.

आदल्या दुपारीच त्या मानेवरून वस्तरा फिरला होता. न्हावी तिथेच उभा होता. त्यानं वाकून पाहिलं, आणि मागे सरकत भिंतीला टेकला.

"काल नव्हतं," तो म्हणाला. "काल मान साफ होती."